वाटीला दीड वाटी गूळ

राजन ठोसर यांना स्वयंपाक येत नाही, हे जयपुरात फक्त त्यांच्या बायकोला आणि मुलीला ठाऊक होतं. चहा ते करत, पण तोही आठवड्यातून एकदा उतू जाई. विमा कंपनीतल्या चौतीस वर्षांत ते कायम दुसऱ्याच्या हातचं जेवले. आधी मिरजेला आईच्या, मग बदलीच्या गावांतल्या खाणावळींत, लग्नानंतर अलकाच्या. खाण्याची आवड मात्र दांडगी. कुठल्या गावी कुठल्या घरी काय खाल्लं, हे त्यांना वीस वर्षांनंतरही सांगता येई, आणि ते असं रंगवून सांगत की समोरच्याला भूक लागे. लोकांचा समज असा झाला की हा माणूस उत्तम स्वयंपाकी असणार. ठोसरांनी तो समज कधी मोडला नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेला एक गोष्ट दिली. मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर गेलेली असते, पंगत बसते, आणि अध्यक्ष आमटीचा दुसरा भुरका मारून पत्रावळीवरच मान टाकतात. मरत नाहीत, नुसते झोपतात. पण तेवढ्यात मंडळाच्या कपाटाची किल्ली नाहीशी होते. राजा पार्कात पोळी-भाजी केंद्र चालवणारी बनूमावशी त्या आमटीचं एक बोट चाटते आणि संध्याकाळपर्यंत चोर पकडून देते. गोष्ट वाचून मंडळातले लोक खूश झाले. जो तो अध्यक्ष कोण हे ओळखू लागला. त्या गोष्टीचं पुस्तक झालं, 'कटाच्या आमटीतला कट'. पाठोपाठ 'थालीपिठाचं भोक'. ठोसरांच्या पुस्तकांत रक्त सांडत नसे, शिव्या नसत, आणि शेवटच्या पानावर त्या त्या पदार्थाची कृती असे. ती कृती अलका सांगे आणि ठोसर लिहून घेत. पुस्तकं मुरलीपुऱ्यात छापली जात. तिथले प्रेसवाले दिलीपजी मूळचे नागौरचे. त्यांना मराठी येत नव्हतं, पण अक्षर न् अक्षर तपासायची त्यांना सवय होती. एकदा नुसत्या 'ळ' साठी त्यांनी दिवसात चार फोन केले आणि शेवटी म्हणाले, "ये तो हमारे यहाँ भी बोलते हैं, साब. बस लिखते नहीं."

पुस्तकं विकायचं काम मुलीनं, अनुयानं, अंगावर घेतलं. ती पाचवीत असताना जयपूरला आली, आता घरात बसून एका जाहिरात कंपनीचं काम करत होती. मराठी ती अडखळत वाचे, पण माणसं कशाला भुलतात ते तिला नेमकं कळे. "बाबा, मतलब, लोक पुस्तक नाही घेत, माणूस घेतात," ती म्हणे. तिनं ठोसरांना एप्रन घालायला लावला, हातात झारा दिला आणि कढईसमोर उभं करून त्यांचे छोटे छोटे व्हिडिओ काढले. ठोसर कढईकडे प्रेमाने बघत आणि म्हणत, "स्वयंपाक आणि तपास, दोन्हीला घाई चालत नाही." कढईखाली गॅस नसे.

तिसरं पुस्तक अनारशांचं होतं. नाव 'अनारसे का हसले?' अनारसा तुपात सोडल्यावर विरघळून पसरला, की बायका म्हणतात अनारसा हसला. हे नाव सुचलं तेव्हा ठोसर दोन दिवस आनंदात होते. गोष्टीत बनूमावशीसमोर प्रश्न असतो की एक सून खरं बोलते आहे की खोटं. सून म्हणते, मी दुपारभर अनारशांचं पीठ भिजवत होते. मावशी गुळाची ढेप बघते. ढेप होती दोन किलोची, उरलाय अर्धा किलो. किलोभर तांदळाला दीड किलो गूळ लागतो, हिशेब जुळला, सून निर्दोष. तिथून संशय दुसरीकडे वळतो आणि पुढची चाळीस पानं त्यावर उभी राहतात.

पुस्तक लिहून पूर्ण झाल्यावर, एका दुपारी, ठोसर कृती विचारायला अलकाजवळ बसले.

"किलो तांदळाला गूळ पाऊण किलो," अलका म्हणाली. "फार तर किलोच्या आतबाहेर. त्यावर गेला की संपलं."

ठोसरांचा हात थांबला. "दीड किलो नाही?"

"दीड किलो घातला तर कढईत अनारसा राहणार नाही हो. तुपात गुळाचा काला होईल."

ठोसर उठून आपल्या टेबलाशी गेले. पाऊण किलो धरला तर सून खोटं बोलत होती, आणि मग चाळीस पानं पुन्हा लिहायची. दिवाळी सहा आठवड्यांवर आलेली, दिलीपजींना तारीख दिलेली. त्यांनी अर्धा तास विचार केला आणि कृतीत लिहिलं: एक वाटी तांदळाला दीड वाटी गूळ.

अलकानं प्रुफात ते वाचलं. "हे चूक आहे," ती म्हणाली.

"गोष्ट आहे ती. कोण करून बघतंय?"

"कृती म्हणून छापलंय तुम्ही."

"अगं, हल्ली अनारसे कोण करतं? सगळे विकतचे आणतात."

हे खरंच होतं. पुस्तकाच्या व्हिडिओसाठी जे अनारसे वापरले, तेसुद्धा मिरजेहून वहिनीनं कुरिअरनं पाठवले होते. ठोसरांनी ते गार कढईत एकेक ठेवले आणि झाऱ्यानं अलगद वर काढले. अनुयानं वर तुपाच्या चुरचुरण्याचा आवाज जोडला.

दिवाळीच्या आधी दोन आठवडे मंडळाच्या सभागृहात प्रकाशन झालं. ठोसर चांगलं बोलले. खाली उतरल्यावर लोकांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं, सह्या झाल्या. शेवटी एक तिशीतली बाई पुस्तक छातीशी धरून उभी होती. स्वानंदी घाडगे, नवरा सैन्यात हवालदार, छावणीत क्वार्टर, माहेर कऱ्हाडजवळचं. तिनं ठोसरांचे सगळे व्हिडिओ पाहिले होते.

"सर, मी कधीच अनारसे केले नाहीत," ती म्हणाली. "माझी आई मी आठवीत असताना गेली, शिकवणारं कुणी राहिलं नाही. या दिवाळीला सासूबाई येणार आहेत, थंडी संपेपर्यंत राहतील. ह्यांच्या युनिटमधली मंडळीही फराळाला येतात. म्हटलं या वेळी मोठं काहीतरी करावं. जमेल का मला?"

त्या वेळी ठोसर म्हणू शकले असते की बाई, आधी चकलीपासून सुरुवात करा. सभागृहात अजून माणसं होती, अनुया फोन धरून उभी होती. ते हसून म्हणाले, "पुस्तकात दिलंय तसं करा, बिघडणार नाही." आणि तिच्या प्रतीवर सही करताना त्यांनी वर लिहिलं, 'बिघडणार नाही याची हमी.' विम्याच्या माणसाला शोभेल असं, म्हणून आजूबाजूचे हसले. स्वानंदीनं ती ओळ दोनदा वाचली आणि वाकून नमस्कार केला.

भाऊबीज झाल्यावर चौथ्या दिवशी ठोसरांच्या फोनवर, लेखक म्हणून असलेल्या त्यांच्या ऑनलाइन पानाच्या निरोपांत, एक फोटो आला. कढईत काळपट तपकिरी गाळ, वर खसखस तरंगलेली, कडेला झारा धरलेला हात आणि हातात हिरव्या काचेच्या बांगड्यांमध्ये एक पितळी नक्षीची बांगडी. खाली मजकूर: "सर, अनारसे हसले. सगळेच. पाहुण्यांना शंकरपाळ्यांवर भागवलं. माझं काय चुकलं असेल?"

ठोसरांनी फोटो मोठा करून पाहिला. ते खुर्चीत बसून राहिले. मग त्यांनी लिहिलं, "तूप जास्त तापलं असणार. आच मंद ठेवा."

"थँक यू सर. परत करते."

अनारसे परत करणं म्हणजे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत निथळायचे, दळायचे, चाळायचे, गूळ घालून गोळे आणखी चार दिवस मुरवायचे. दोन आठवड्यांनी दुसरा फोटो आला. तसाच. पीठ हाताला फार चिकटतं, असंही तिनं लिहिलं होतं. ठोसरांनी उत्तर दिलं, "तांदूळ जुना होता का? नवा तांदूळ पाणी सोडतो." हे वाक्य लिहिताना त्यांना एवढंही ठाऊक नव्हतं की ते खरं आहे की खोटं. वाचायला ते खरं वाटत होतं. डिसेंबरात तिसऱ्यांदा तिचा आवाजी निरोप आला. आवाज दबका होता, मागे कुणीतरी असावं. "सर, जुना तांदूळ आणला होता. तरी तेच झालं. आता तूप वाया घालवायला ह्यांच्यापुढे संकोच वाटतो. माझ्याच हाताला गुण नसेल. तुम्ही तुमच्याकडून सगळं नीट सांगितलंत."

ठोसरांनी तो निरोप तीनदा ऐकला. उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं, "प्रयत्न सोडू नका."

हे सगळं अनुयाच्या नजरेला पडलं, कारण वडिलांच्या त्या पानाचे निरोप तीही बघे. तिला त्यात नामी कल्पना दिसली. पहिला फोटो घेऊन तिनं पानावर टाकला आणि वर लिहिलं: 'हे अनारसे का हसले? बनूमावशीसारखा तपास करा. अचूक उत्तराला लेखकाच्या सहीचं पुस्तक भेट.' नाव दिलं नव्हतं. दोन दिवसांत शेकड्यांनी उत्तरं आली. कुणी लिहिलं, बाईंनी कढईत डोळे मिटून सोडले असतील. कुणी लिहिलं, हिला आधी गॅस पेटवायला शिकवा. एकानं लिहिलं, नवऱ्याचा विमा काढून ठेवा. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

अनुयानं संध्याकाळी वडिलांना दाखवलं. "बाबा, बघ, आजपर्यंतची सगळ्यात मोठी पोस्ट. पुस्तकाच्या ऑर्डरी येतायत."

ठोसरांना ती बांगडी दिसली. "तिला विचारलंस का?"

"नाव कुठे आहे? फक्त हात आहे."

"काढून टाक म्हणतो मी."

"आत्ता? आत्ता तर चाललंय. रविवारी काढते ना."

ठोसर 'बरं' म्हणाले. पुढे अनेक दिवस त्यांना त्या 'बरं' ची लाज वाटत राहिली. फोटो टाकला मुलीनं, पण थांबवायचं त्यांच्या हातात होतं, आणि ऑर्डरी ऐकून त्यांनी तोंड मिटलं होतं. पोस्ट रविवारीही निघाली नाही. स्वानंदीचे निरोप थांबले.

अलकाला हे मंडळातल्या एका बाईकडून कळलं. घरी येऊन तिनं एक वाटी तांदूळ धुऊन भिजत घातले. ठोसरांनी विचारलं, इडलीचे का, तर ती म्हणाली, "बघा तुम्ही." तीन दिवस सकाळी तिनं पाणी बदललं, मग दळून, गूळ घालून पीठ मुरत ठेवलं. आठव्या दिवशी दुपारी तिनं त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि पुस्तक हातात दिलं. परातीत पिठाचा ओलसर चिकट लगदा होता.

"तुमच्या पुस्तकाप्रमाणे केलंय. पुढचं वाचा," ती म्हणाली.

"अलका, मला माहीत आहे."

"वाचा."

ठोसर वाचू लागले. लिंबाएवढा गोळा खसखशीवर थापावा. तिनं थापला, तो बोटांना लोंबत होता. खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडावा. तिनं सोडला. अनारसा क्षणभर गोल राहिला, मग कडेनं सुटला, मग सगळ्या तुपात गुळाच्या तारा पसरल्या आणि खसखस मोकळी होऊन फिरू लागली. तिनं दुसरा सोडला, तिसरा सोडला. चौथ्याला ठोसर म्हणाले, "पुरे."

"ती चारावर थांबली नसेल," अलका म्हणाली. "तिला वाटलं असेल, पुढचा जमेल." तिनं गॅस बंद केला आणि कढई तशीच ओट्यावर ठेवून बाहेर निघून गेली.

ठोसर त्या कढईसमोर उभे राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी माणसांचे दावे तपासले होते. जळालेली दुकानं, बुडालेल्या मोटारी. खोटं बोलणारा माणूस कागदावर किती ठामपणे लिहितो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. ते उभ्या उभ्या आपलीच उत्तरं आठवत होते. तूप तापलं असणार. तांदूळ जुना होता का. अस्सल खोट्या माणसाचं अक्षर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वानंदीला फोन केला आणि भेटायला येऊ का विचारलं. ती इतकी आनंदली की त्यांना पुढे बोलता आलं नाही; नऊ दिवसांनी या, तिनं सांगितलं.

छावणीच्या फाटकावर जवानानं ओळखपत्र घेतलं आणि वही पुढे केली. "किस काम से?"

ठोसरांनी थोडा विचार केला. "किताब का काम है," ते म्हणाले, आणि तसंच लिहिलं.

क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर होतं. स्वानंदीनं दार उघडलं तेव्हा घर आवरलेलं होतं, पलंगपोस नवा होता. खिडकीशी सतरंजीवर तिच्या सासूबाई बसल्या होत्या, गंगूबाई, कोरेगावाकडच्या, अंगावर जाड शाल. नवरा ड्युटीवर. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कढई घासून पालथी ठेवलेली, शेजारी मुरवलेल्या पिठाचा डबा. ठोसरांच्या लक्षात आलं की ही समजते आहे, सर शिकवायला आले.

"सर, या वेळी तुमच्यासमोरच करते," ती म्हणाली. "हात कुठे चुकतो ते तुम्हाला दिसेल."

"आधी बसा तुम्ही. मला सांगायचंय."  त्यांनी घरून निघताना सगळं जुळवलं होतं, पण त्या घासलेल्या कढईकडे बघून त्यांच्या तोंडून भलतंच निघालं. "कृतीत प्रमाण चुकलंय. छपाईची चूक. पाऊण वाटीच्या जागी दीड वाटी पडलं."

स्वानंदी बघत राहिली. मग तिचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती."

"आई, ऐकलंत का? प्रेसवाल्यानं चुकीचं छापलं होतं." ती वळून ठोसरांना म्हणाली, "सर, तुम्हाला किती वाईट वाटलं असेल. एवढं कष्टानं लिहायचं आणि त्या माणसानं घाण करायची. तुम्ही एवढ्या लांब सांगायला आलात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ती चहा टाकायला आत गेली. गंगूबाई शालीतून ठोसरांकडे बघत होत्या. "म्या पयल्याच दिशी म्हनलं व्हतं," त्या हळू म्हणाल्या. "हे पीठ न्हाई, पाक झालाय. गूळ लई पडलाय. तर ती म्हनली, आई, छापलंय ते. छापल्यालं खोटं असतंय व्हय?" त्या थांबल्या. "मला वाचाया येत न्हाई. म्हून गप बसले."

ठोसरांनी चहा घेतला, बिस्कीट घेतलं, दोनदा आभार ऐकले. स्वानंदी जिन्यापर्यंत सोडायला आली. "त्या प्रेसवाल्याला चांगलं सुनवा, सर," ती म्हणाली. "मीच सांगते सगळ्यांना, चूक कुणाची होती ते."

फाटकापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चुना मारलेले दगड होते. ठोसर चालत होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दिलीपजी होते, चष्मा कपाळावर सरकवून 'ळ' साठी फोन लावणारे. प्रमाणाचं पान दिलीपजींनी दोनदा तपासून घेतलं होतं. पंधरा मिनिटांत ठोसरांनी आणखी एका माणसाला त्याच्या पाठीमागे अपराधी ठरवलं होतं, आणि ज्या बाईला फसवलं तिच्याकडून स्वतःचं सांत्वन करून घेतलं होतं. फाटकाशी जवानानं वही पुढे केली, बाहेर जायची वेळ लिहायला.

"काम हो गया?" त्यानं सहज विचारलं.

"नहीं," ठोसर म्हणाले. "एक बार फिर जाना पड़ेगा."

दार पुन्हा स्वानंदीनंच उघडलं. तिला वाटलं, सर काहीतरी विसरले. ठोसर आत आले नाहीत, उंबऱ्यातच उभे राहिले, आणि या वेळी त्यांनी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. प्रेसवाल्याची चूक नव्हती. गोष्ट जुळावी म्हणून त्यांनी प्रमाण बदललं होतं. बायकोनं सांगितलं तरी बदललं नाही. त्यांना स्वतःला अनारसे येत नाहीत, काहीच करता येत नाही, व्हिडिओत कढईला आच नव्हती.

स्वानंदी दाराला धरून ऐकत होती. 

"मी पहिला फोटो पाठवला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"दुसरा पाठवला तेव्हा?"

"हो."

"आणि मी बोलले होते, हाताला गुण नाही म्हणून. तेव्हा?"

ठोसरांनी मान हलवली. त्यांना वाटलं आता ती रडेल किंवा ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल. ती दोन्ही करत नव्हती. ती त्यांच्याकडे असं बघत होती जसं चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसाकडे बघतात.

"ते स्पर्धेचं तेवढं काढून टाका," ती शेवटी म्हणाली. "त्यात माझी बांगडी दिसते. माझ्या आईची आहे. युनिटमधल्या बायकांनी ओळखली. महिनाभर मला अनारसेवाली म्हणतायत. मी ह्यांना सांगितलं नाही."

"आज काढतो."

"बरं." तिनं दार लावलं नाही, पण ती आत वळली. ठोसर जिना उतरले.

पोस्ट त्याच दुपारी निघाली. अनुया आधी वैतागली. "बाबा, माफी मागायचीच तर छोटी माग. 'टायपो' म्हण. सिरीज बंद पडेल." मग ठोसरांनी तिला पूर्ण हकिगत सांगितली, फाटकावरून परत फिरलो ते धरून. तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं फक्त हात आहे." माफीचा मजकूर ठोसरांनी स्वतः लिहिला, एप्रनशिवायच्या फोटोसकट. मजकुरात गार कढई होती, मिरजेचे अनारसे होते, अलकानं दिलेलं खरं प्रमाण होतं, आणि छपाई निर्दोष आहे हेही होतं. स्वानंदीचा उल्लेख त्यांनी केला नाही. लोकांनी यथेच्छ धुतलं. दोघातिघांनी पुस्तकं परत पाठवली. एका वाचकानं अगदी साधेपणानं विचारलं, "मग गूळ पाऊणच किलो लागतो, तर ती सून खोटं बोलत होती का? चोर कोण?"  उरलेल्या प्रती ठोसरांनी मुरलीपुऱ्याहून घरी आणल्या आणि माळ्यावर टाकल्या. दिलीपजींना झाला प्रकार त्यांनी समोर बसून सांगितला. दिलीपजी म्हणाले, "मुझ पर लगाया इल्ज़ाम तो आपने वापस ले लिया, साब. फिर क्या बचा?" आणि चहा मागवला. 

चौथं पुस्तक अर्धं लिहून झालं होतं. ते तसंच राहिलं. ठोसर आता सकाळी अलकाबरोबर स्वयंपाकघरात उभे राहतात. तीन महिन्यांत वरण, भात आणि बऱ्यापैकी भाकरी इतपत मजल गेली आहे. कुणी पाहिलं की ते संकोचतात. अलका कौतुक करत नाही, चुकलं की सांगते.

गुढीपाडव्याला मंडळात जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. अलका म्हणाली, तोंड लपवून किती दिवस बसणार, तेव्हा गेले. लोक पूर्वीसारखे कोंडाळं करून आले नाहीत. एकदोघांनी 'काय ठोसर' म्हटलं आणि पुढे सरकले. जेवणाच्या रांगेत स्वानंदी समोर आली. शेजारी गणवेश नसलेला, उंच, सावळा माणूस होता, नवराच असावा. ती थांबली.

"नमस्कार, सर."

"नमस्कार. सासूबाई?"

"गेल्या गावी. संक्रांतीनंतर लगेच." तिनं ताट या हातातून त्या हातात घेतलं. "काल फोनवर विचारत होत्या तुमचं."

ठोसरांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. ते मास्तर बरे आहेत का, जेवतात का नीट, एवढंच." ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, जणू तिलाही हे सांगायचं नव्हतं पण निरोप होता म्हणून पोचवला. मग नवऱ्याच्या मागोमाग ती पुढे गेली.

मागच्या माणसानं ठोसरांना हळूच पुढे व्हायला सांगितलं. वाढणाऱ्यानं विचारलं, श्रीखंड की पुरी आधी. ठोसरांनी ताट पुढे केलं. काय म्हणाले ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं नाही.